हात धुतले का, मावशी?

माझं अक्षर वाईट आहे. कुठे पहिली वेलांटी आणि कुठे दुसरी, हे चौथीत असतानाही मला नीट कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. म्हणजे शिकायची सुटली. पुढचा जन्म शाळेतच गेला, पण स्वयंपाकखोलीत. तिसरीचा वर्ग आणि माझी चूल यांच्यामध्ये एकच भिंत होती. पाढे, कविता, बाईंचं रागावणं, सगळं भिंतीपलीकडून यायचं. जे कानावर पडलं ते मला आलं, जे फळ्यावर लिहिलं गेलं ते राहिलं. म्हणून चुका असतील, त्या वाचणाऱ्यानं पोटात घालाव्यात. तसं हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. दिवाळीच्या अंकात लोक आपापल्या कामाचं लिहितात, ते नातीनं मला वाचून दाखवलं. कोणी पोस्टमन होता, कोणी कंडक्टर. शाळेत खिचडी शिजवणारी बाई कुठे दिसली नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून जमेल तसं लिहिते.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. वरच्या अंगाला शेतकऱ्यांची आळी, खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती, आणि मध्ये जिल्हा परिषदेची शाळा. बाहेरच्या माणसाला वाटतं, खिचडीत काय आहे, तांदूळ आणि डाळ टाकली की झाली. घरची खिचडी बिघडली तर पाणी घालता येतं, नवऱ्याला उपाशी ठेवता येतं. शंभर पोरांच्या गंजाचं तसं नाही. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. त्याचा तळ तापला की वरचा तांदूळ कच्चा आणि खालचा काळा. म्हणून हातभर लांब सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, तळापासून ढवळत राहावं लागतं, आणि ढवळलं जास्त तर लापशी होते. तांदूळ कोणता आला आहे ते बोटांत चुरून पाहायचं. नवा असेल तर पाणी कमी, जुना असेल तर जास्त. डाळ कधी कधी इतकी जुनी यायची की तिला तांदळाच्या आधी वेगळी शिजवायची. मीठ मात्र मुठीनंच. एकदा पडलं की काढता येत नाही.

पोरांना वाढायच्या आधी मोठ्यांनी चव घ्यायची असा शाळेत नियम आहे. एक सर आणि एखाद्या पोराची आई किंवा बाप. सर घ्यायचे. पालक क्वचित यायचे, कारण शेतातलं काम सोडून चमचाभर खिचडीसाठी कोण येणार? एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. चव घेतो म्हणून बसले आणि तीन वेळा घेऊन जेवले. जाताना म्हणाले, मीठ थोडं कमी आहे. सिंधू मागून हळूच म्हणाली, "आनखी एक ताट खाल्लं असतं तर बरोबर लागलं असतं."

सिंधू म्हणजे माझ्यासोबतची दुसरी स्वयंपाकीण. माझ्याच वस्तीतली, वयानं लहान, तोंडानं मोठी. मी जे बोलत नसे ते सगळं ती बोलायची. आम्हा दोघींचं मिळून एकच तोंड होतं आणि ते तिच्याकडे होतं.

पोरं म्हणजे आमची गिऱ्हाइकं. वाटाणा दिसला की ताटाच्या कडेला एकेक रांगेत लावून ठेवणारी होती. तिसऱ्यांदा वाढून घेऊन फ्रॉकच्या खिशात धाकट्या भावाला नेणारी होती. त्या खिशाचे पिवळे डाग तिच्या आईनं कधी मला विचारले नाहीत, मीही सांगितलं नाही. पण ज्या पोरीसाठी लिहायला बसले ती ईश्वरी.

ईश्वरी वरच्या आळीतली. बापाचं कापसाचं आणि तुरीचं शेत. तिसरीत होती. मधली सुट्टी व्हायच्या आधीच पाण्याला जाते म्हणून बाहेर पडायची आणि माझ्या दारात येऊन तळहात पुढे करायची. मी त्यावर चिमूटभर खिचडी ठेवायची. ती फुंकायची, खायची आणि मोठ्या बाईसारखी मान हलवून म्हणायची, "बरोबर हाय, मावशी. वाढ." तिच्या आजीच्या घरी आमच्यासाठी कप वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. कापूस वेचायला गेलो की त्यातच चहा मिळायचा. त्या घरातली पोरगी माझ्या हातचं असं खाते, याचं मला मनात फार अप्रूप होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी थंडीत शाळेतल्या निम्म्या पोरांचे घसे बसले होते. ईश्वरीही तापानं काही दिवस आली नाही. परत आली तेव्हा थोडी वाळलेली होती, पण हसत होती. असेच पुढे काही आठवडे गेले. एका शनिवारी तिनं नेहमीसारखी चव घेतली आणि मीठ बरोबर आहे म्हणाली. सोमवारी जी आली ती दुसरीच पोरगी होती.

डोळे सारखे घट्ट मिटायची आणि उघडायची. एक खांदा आपोआप वर जायचा. दारात आली नाही. घंटा झाल्यावर टाकीवर ताट धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं. मागची पोरं ओरडायला लागली तेव्हा रांगेत येऊन बसली. मी वाढायला वाकले तशी तिनं ताट मागे ओढलं.

"मावशी, तू हात धुतले का?"

"धुतले व."

"साबनानं?"

"साबनानं धुतले."

"खरं सांग, मावशी. हात धुतले का?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, हातांकडे पाहत होती. ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज यायचा, "ईश्वरी, हे काय अक्षर आहे? मागच्या आठवड्यात किती सुंदर होतं." मग रडणं. मग लघवीला जाऊ का, पुन्हा जाऊ का. बाईंना वाटलं, खोड्या करते.

सिंधूला काय वाटलं ते तिनं गंज घासता घासता सांगितलं. "समजलं ना तुले? थे बुढी शिकवून राह्यली तिले. नाहीतर तिची माय. लहान होती तवा चालत होतं, आता मोठी होऊन राह्यली ना पोट्टी."

मी म्हटलं, "नसन व तसं."

"मग कसं हाय? तूच सांग. ताटावर ताट धुते, तुया हाताकडे पाहते. आनखी काय पाटी लिहून लावन का गळ्यात?"

घरी गेल्यावर मी माझे हात पाहिले. धुतले, आणि मग वासही घेऊन पाहिला. या वयात मला असं करावं लागलं याचा राग आला, आणि राग कोणावर काढायचा ते कळेना. आठ वर्षांच्या पोरीवर तर काढता येत नाही. मग मी तिच्याशी बोलणं सोडलं. वाढायला सिंधूला पाठवायची.

शाळेच्या समितीची सभा होती. चौथीच्या वर्गात सगळे बसले. सरांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर कोणाला काही अडचण आहे का असं विचारलं आणि सिंधू उभी राहिली.

"सर, आमच्या हातचं कोनाले चालत नसन तर सरळ सांगा. पोट्टीच्या तोंडून कायले इचारता हात धुतले का म्हनून?"

वरच्या आळीतला एक जण म्हणाला, "अवं, भूक नसन तिले. जबरदस्ती हाय का?"

"कालबी नव्हती, परवाबी नव्हती. घरी काय हवा खाते का? त्यायच्या घरी आमचा कप येगळा हाय. थो पोट्टीनं पाह्यला नसन का?"

कपाचं खरं होतं. ईश्वरीची आई वैशाली मागे भिंतीला टेकून बसली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ईश्वरी तिच्या पदराला घट्ट धरून होती. हल्ली ती आईला नजरेआड होऊ देत नव्हती, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. वैशाली उठली.

"थे माया हातचंबी खात नाही," ती म्हणाली. "आजीच्या हातचं नाही, कोनाच्याच हातचं नाही. बिस्किटाचा पुडा सोताच फोडते, तेवढंच पोटात जाते. मलेबी इचारते, हात धुतले का. स्वयंपाक करताना इचारते, केस इंचरताना इचारते. मी काय सांगू तिले?"

आणि तिनं पोरीचे दोन्ही हात धरून आमच्यासमोर वर केले. बोटांची पेरं फाटलेली, लाल, काही ठिकाणी रक्त सुकलेलं. ते आठ वर्षांच्या पोरीचे हात नव्हते. जन्मभर भांडी घासलेल्या बाईचे होते. माझे असेच आहेत.

"मी कोनाले काय शिकवलं, ते सांगा आता," ती म्हणाली.

सिंधू खाली बसली. सरांनी चष्मा पुसला आणि सभा संपली असं सांगितलं. वैशाली पोरीला घेऊन निघून गेली. मी तिच्या वाटेतच बसले होते. मी पाय आवरून तिला जागा दिली, एवढंच केलं.

भांड्यांनी हात फाटले की आम्ही तेलात मेण वितळवून लावतो. संध्याकाळी त्याची डबी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. छपरीत आजी बसली होती. तिनं मला पाहिलं, बस म्हणाली नाही आणि जा पण म्हणाली नाही. वैशाली बाहेर आली. मी डबी उघडून आधी माझ्याच बोटांना लावली. ईश्वरी दाराआडून पाहत होती. बोटावर थोडं घेऊन मी हात पुढे केला तशी ती मागे सरली. मग मी डबी खाली ठेवली आणि लांब जाऊन बसले. बऱ्याच वेळानं ती आली, एक बोट बुडवलं आणि पळाली.

वैशाली माझ्याजवळ टेकली. म्हणाली, "राळेगावच्या डाक्टरनं जंताचं औषध देलं. सासूबाईनं नजर काढली. हे म्हनते, तू लाड केले म्हनून हट्टी झाली. मावशी, मायी पोरगी हट्टी नव्हती व. शनिवारी चांगली होती. एका रात्रीत कोनी पोर बदलते का?"

मी म्हटलं, "यवतमाळले मोठ्या दवाखान्यात घेऊन जा."

"कोनासंग जाऊ? सासूबाई येत नाही. ह्यायचा कापूस वेचायचा हाय. अन् घरातून पैसे मागतले की कायले, असं इचारन. हट्टी पोरीले औषध कायचं?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू येशीन का?"

आमचं मानधन महिनोन्महिने अडकतं आणि मग एकदम येतं. तेव्हा नुकतंच आलं होतं. मी ते तिला दिलं. ती म्हणाली, वापस करीन. मी सवयीनं म्हटलं, "राहू दे व, पोरीपेक्षा जास्त हाय का?" तिचा चेहरा एकदम कडक झाला.

"राहू दे म्हनशीन तर घेत नाही."

मी म्हटलं, बरं, कर वापस.

एसटीत ईश्वरी बसेना. सीटला हात लावेना, दांडी धरेना. आईचा पदर धरून मधल्या जागेत उभी राहिली आणि प्रत्येक वळणावर कलंडायची. कंडक्टर म्हणाला, "अवं, बसव ना पोट्टीले, पडन." वैशालीनं धुतलेली ओढणी आणली होती, ती सीटवर अंथरली. तेव्हा ती टोकावर बसली. बाजूची एक बाई म्हणाली, "मोठी नखऱ्याची दिसते." मी नेहमी गप्प असते, पण त्या दिवशी म्हटलं, "बिमार हाय व बाई." ती बाई खिडकीबाहेर पाहायला लागली.

यवतमाळच्या दवाखान्यात पोरांच्या डॉक्टर मॅडम होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी ईश्वरीला विचारलं, तुला भीती कशाची वाटते? ती म्हणाली, जेवणात काही पडलं असेल, मी मरून जाईन, आई मरून जाईल. इतके दिवस आम्ही हात धुतले की नाही याचंच उत्तर देत होतो. भीती कशाची, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मग मॅडमनी वैशालीला विचारलं, "हळूहळू वाढत गेलं की अचानक?"

"शनिवारी चांगली होती, मॅडम. सोमवारी असी."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "त्याच्या आधी काही आजारपण? ताप, घसा दुखणं?"

"घसा तर सगळ्याच पोरायचा बसला होता," वैशाली म्हणाली. "हिलेबी ताप होता. मेडिकलमधून गोळ्या आनल्या होत्या. ताप उतरला, मंग बंद केल्या."

मॅडमनी बॅटरी लावून घसा पाहिला, रक्त तपासायला दिलं. मग आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. मला समजलं ते असं. घशात एक जंतू शिरतो. त्याच्याशी लढायला शरीर आपले शिपाई तयार करतं. बहुतेक पोरांचं काम तिथेच संपतं. पण एखाद्याच लेकराच्या अंगात ते शिपाई चुकतात. जंतू समजून मेंदूच्या एका भागावरच चालून जातात. मग पोर एका दिवसात बदलतं. डोळे मिटतं, खांदे उडवतं, भलत्याच गोष्टीला भितं, खात नाही, अक्षर बिघडतं, आईला सोडत नाही. ही पोरगी हट्टी नाही, वेडी नाही आणि तिला बाहेरचं काही लागलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "हा आजार क्वचित दिसतो. नक्की तोच आहे की नाही हे औषध देऊन आणि वाट पाहूनच कळेल. मी आज वचन देत नाही. पण बरी होणारी मुलं मी पाहिली आहेत."

वैशाली रडली नाही. तिनं विचारलं, "म्हंजे मी लाड केले म्हनून नाही?"

"नाही."

"आमच्या घरातल्या कोनी शिकवलं म्हनून नाही?"

मॅडमना ते कळलं नाही. मला कळलं. शत्रू समजून आपल्याच घरात घुसायचं, तसं आम्हीही त्या सभेत केलं होतं.

घशाचं औषध पुरतं घ्यायचं, ताप नसला तरी मधे सोडायचं नाही, असं मॅडमनी दोनदा बजावलं. दुसऱ्या खोलीत आणखी एक मॅडम होत्या. भीती कशी कमी करायची ते त्यांनी शिकवलं. तीच गोष्ट आम्हाला सगळ्यात जड गेली. त्या म्हणाल्या, तिनं विचारलं की एकदाच उत्तर द्या, प्रेमानं द्या. दुसऱ्यांदा विचारलं तर देऊ नका. प्रत्येक उत्तरानं भीतीला खाऊ मिळतो आणि ती मोठी होते.

खाऊ द्यायचा नाही, हे मला माहीत नव्हतं. माझं सगळं कामच वाढायचं. ताट पुढे आलं की वाढायचं. ईश्वरी शाळेत यायला लागली, आई दारात बसून राहायची. पोरगी माझ्याजवळ येऊन विचारायची, "मावशी, हात धुतले का?" मी म्हणायची, "धुतले, राणी." पुन्हा विचारायची. मी सराटा फिरवायची. पुन्हा विचारायची, रडायला लागायची, माझा पदर ओढायची. गंजात पाहत राहायचं, मागे वळायचं नाही. खिचडीची वाफ तोंडावर घ्यायची, म्हणजे डोळ्यांचं काही दिसत नाही. एक-दोनदा मी चुकले आणि उत्तर दिलं. वैशालीनं दारातून नुसतं पाहिलं. पुन्हा नाही चुकले.

सिंधू आता ईश्वरीशी फार गोड बोलायची, इतकं की ते तिला शोभत नव्हतं. एक दिवस पोरगी गंजाजवळ उभी राहून आत वाकून वाकून पाहत होती. सिंधू म्हणाली, "काय व, तालुक्याची सायेबीन हाय का? पाहायचं तर फी लागते." ईश्वरी किंचित हसली. आजारानंतरचं ते पहिलं हसू होतं आणि ते सिंधूला मिळालं. मला थोडा हेवा वाटला, पण ठीक आहे.

चव घ्यायला वैशालीच येऊ लागली. कोणी सांगितलं नव्हतं. तशीही ती दारात बसलेलीच असायची. सगळी पोरं रांगेत बसलेली असताना ती पुढे यायची, मी तिच्या हातावर खिचडी ठेवायची, ती खायची. पहिल्या दिवशी वरच्या आळीतल्या दोघी बायका कुंपणापलीकडे उभ्या राहून पाहत होत्या. वैशालीनं आणखी मागून घेतली आणि त्यांच्याकडे पाहत पाहत खाल्ली.

ईश्वरी मात्र डब्यातली बिस्किटंच खात होती. दुसऱ्या मॅडमनी सांगितलं होतं की जेवा म्हणू नका, नुसता अन्नाला हात लागू द्या. म्हणून मटकीच्या दिवशी मी मोड आलेली मटकी कोपरात, म्हणजे आमच्या परातीत, ओतायची आणि तिला निवडायला बसवायची. आधी दोन बोटांनी एकेक दाणा उचलायची आणि मग टाकीकडे पळायची. पुढे पुढे पळणं कमी झालं. एका दुपारी ती निवडता निवडता सिंधूला आपल्या बकरीच्या पिलाचं सांगत होती. पिलू चूल कशी ओलांडतं, आजी त्याला काय शिव्या देते. सांगण्यात रंगली होती. बोलता बोलता तिनं कोपरातली मटकी उचलली आणि तोंडात टाकली. चावली. आणखी टाकली.

मी पाहिलं. सिंधूनंही पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. सिंधूनं तोंड मिटलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "मंग? बकरीनं काय केलं?" दारात वैशालीनं पदर तोंडात धरला होता.

तिथून पुढे एकदम सगळं चांगलं झालं असं नाही. घास आला, मग पाव ताट, मग अर्धं. ताट धुणं कमी झालं. पुढच्या पावसाळ्यात तिला सर्दी झाली, घसा धरला, आणि दोन दिवसांत पुन्हा डोळे मिटायला लागली, पुन्हा तो प्रश्न. वैशाली त्याच दिवशी तिला घेऊन यवतमाळला गेली. या वेळी बरोबर नवरा होता. आधीच्या वेळी तो रुसून घरी बसला होता की घाबरून, मला माहीत नाही, पण बसमध्ये ओढणी त्यानं अंथरली असं वैशालीनं सांगितलं. दुसरा झटका लवकर ओसरला. तिसरा आलाच नाही. अक्षर सुधारलं. खांद्याचं उडणं मात्र बराच काळ राहिलं, पोरं चिडवायची. एकदा मी त्यांची खिचडी वाढायची थांबवली, तेव्हापासून चिडवणं बंद झालं. तसं करायला नको होतं, पण केलं.

मला अजून वाटतं, अशी आणखी किती पोरं माझ्या रांगेतून गेली असतील. जी एकाएकी चिडकी झाली, जी ताट सोडून उठली, ज्यांना आम्ही हट्टी म्हटलं आणि पुढच्या ताटाकडे वळलो. तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नसल्यानं दोष कमी होतो की नाही, हे मला सांगता येत नाही.

वैशाली पैसे थोडे थोडे आणून द्यायची. कधी तूर विकल्यावर, कधी शिलाईचे आलेले. अधूनमधून मी म्हणायची, पुरे झाले आता. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मग मी कामावरून निवृत्त झाले. ईश्वरी राळेगावच्या शाळेत जायला लागली. सायकलवरून जाताना माझ्या घरासमोर घंटी वाजवते. मॅडमनी शेवटचं औषध बंद केलं, त्याच आठवड्यात एका दुपारी वैशाली माझ्या घरी आली.

खाटेवर बसली. रुमालातून नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"हे शेवटचे. मोज."

"मोजायचं काय त्यात?"

"मोज म्हनते ना. माया समोर मोज."

मी मोजले. बरोबर होते. तिनं रुमाल घडी करून कमरेला खोचला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आता देनं नाही ना काही?"

"नाही."

"मंग आता बोलते. इतके दिवस देनं होतं, म्हनून बोलता येत नव्हतं." "त्या सभेत सिंधू बोलली, मले राग नाही आला. तिचं तोंडच तसं हाय. अन् कप तर आमच्या घरात होताच. पन मायी पोरगी तुया दारात वाढली, मावशी. तुया हातचं खाऊन वाढली. सगळे मायाकडे पाहून राह्यले होते अन् तू मान खाली घालून बसली. एक शब्द बोलली असती तू, तर मले पुरला असता."

खरं होतं तेच मी सांगितलं. "मलेबी वाटलं होतं व, तुमीच शिकवलं. मले लय लागलं होतं."

"लागनारच," ती म्हणाली. "मलेबी लागलं."

तिच्या मनात एवढी वर्षं हे होतं आणि तरी ती रोज सगळ्यांसमोर माझ्या हातचं खात होती. मी राहू दे म्हणाले होते तेव्हा तिनं 'घेत नाही' का म्हटलं, तेही मला आता समजलं. फुकट घेतलं असतं तर हे तिला मला कधीच ऐकवता आलं नसतं.

मी चहा ठेवला. ती खाटेवरूनच म्हणाली, "साखर कमी टाक, मागच्या खेपेले पाक केला होता." आता ती मला बोलायला मोकळी झाली होती. चहा पिऊन ती गेली, आणि मी नोटा उचलून डब्यात ठेवल्या. पैसे तर पूर्ण फिटले होते.